ऑपरेशन ते रेडिएशन: हे बेचाळीस दिवस कुणाचे?

गालाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले आणि पुढे रेडिएशन लागणार असेल, तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे. हे सर्जनला ठाऊक असते, रेडिएशनवाल्याला ठाऊक असते, केमो देणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी उशीर होतो, आणि चौकशी केली तर कुणाचीच ठळक चूक सापडत नाही. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चार दिवस उशिरा आला, दाताच्या ओपीडीने पुढच्या आठवड्यात बोलावले, रेडिएशनच्या वेळी चेहरा हलू नये म्हणून बनवायच्या मास्कची तारीख मिळाली नाही, मधे सण आला. या बेचाळीस दिवसांतला प्रत्येक दिवस कुठल्या तरी विभागाचा असतो, पण सगळे बेचाळीस मोजणारा कुणी नसतो.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या विभागांच्या एकत्र बैठकीत, निर्णय वरिष्ठ घेतात आणि ते योग्यच आहे. पण एक निर्णय आणि दुसरा निर्णय यांच्या मधली सगळी धावपळ नुकत्याच एमएस, एमसीएच, एमडी, डीएम झालेल्या मुलामुलींच्या हातात असते. म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. वेगवेगळ्या शाखांनी एकत्र काम करणे म्हणजे आठवड्यातून एकदा एका खोलीत बसणे, असे बरेच जण धरून चालतात. माझ्या मते खरे एकत्र काम म्हणजे पुढच्या विभागाला काय लागणार हे आपण आजच तयार ठेवणे आणि त्याची तारीख आजच मागणे.

इंदूरला हे जास्त लागू पडते. माळवा आणि निमाड दोन्हीकडचे पेशंट इथे येतात. रामबागेतले काका सकाळी रिक्षाने येऊन दुपारी घरी जातात. अलीराजपूर, जोबट किंवा बडवानीहून आलेल्याला मात्र प्रत्येक फेरी म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी, बसभाडे आणि सोबत आलेल्या माणसाचेही तेवढेच. त्याला दाताच्या डॉक्टरसाठी एकदा, कानाच्या तपासणीसाठी एकदा आणि मास्कसाठी पुन्हा एकदा बोलावले, तर तिसऱ्या वेळी तो येईलच असे नाही. गुटखा-सुपारीने बऱ्याच जणांचे तोंड आधीच आखडलेले असते, खाणे कमी झालेले असते, वजन उतरलेले असते. त्यांच्या अंगात थांबायला फार वाव नसतो.

सुरुवात सीटी स्कॅनपासून करू, कारण तिथेच पहिला घोळ होतो. गालाच्या कॅन्सरमध्ये साधा स्कॅन काढला की गालाची आतली त्वचा हिरडीला चिकटलेली दिसते आणि गाठ नक्की कशातून निघाली हे कळत नाही. पेशंटला ओठ मिटून गाल फुगवून धरायला सांगितले की मधे हवा जाते आणि दोन्ही पृष्ठभाग वेगळे दिसतात. यासाठी वेगळे मशीन लागत नाही, फक्त टेक्निशियनला आधी सांगावे लागते. पण मागणीच्या चिठ्ठीवर नुसते 'कॅन्सर गाल, सीटी' लिहिले तर ते कुणी करत नाही. स्कॅन शक्यतो दात काढण्याआधी घ्या. नुकत्याच काढलेल्या दाताची पोकळी हाड खाल्ल्यासारखी दिसते आणि मग त्यावर विनाकारण वाद होतो.

रेडिओलॉजिस्टला प्रश्नही नेमका विचारा. गालाच्या मागच्या बाजूची गाठ चावण्याच्या स्नायूंच्या जागेत शिरली असेल तर स्टेजिंगमध्ये ती टी४बी, म्हणजे सर्वांत पुढच्या पायरीची, होते. पण टी४बी म्हणजे ऑपरेशन नाहीच, असे समजू नये. खालच्या जबड्याच्या हाडाला वर जी खाच असते, त्या खाचेच्या खाली गाठ थांबली असेल तर पूर्ण काढता येण्याची शक्यता चांगली असते. खाचेच्या वर, कवटीच्या तळाकडे गेली असेल तर कड मोकळी मिळणे अवघड. म्हणून चिठ्ठीवर लिहा: 'गाठ खाचेच्या वर की खाली, हाडाची आतली पोकळी धरली आहे का, दोन्ही बाजूंच्या मानेतल्या गाठी.' एवढे तीन प्रश्न लिहिले तर बोर्डात पुन्हा स्कॅन उघडून शोधत बसावे लागत नाही.

दात हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इतका सहज वाचवता येणारा वेळ दुसरीकडे कुठे नाही. रेडिएशन मिळालेल्या जबड्यात नंतर दात काढला तर हाड भरून न येता कुजण्याचा धोका असतो. म्हणून खराब दात आधीच काढायचे आणि जखम भरायला दोन आठवडे द्यायचे. पण ही आठवण ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात झाली की गणित कोलमडते. तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, टाके ताजे, त्यात दात काढा आणि वर चौदा दिवस थांबा. त्याऐवजी ऑपरेशनच्या आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून दंतशल्यचिकित्सकाकडून काढायच्या दातांची यादी घ्या आणि ते दात त्याच भुलीखाली काढा. मग दाताची जखम आणि ऑपरेशनची जखम एकाच वेळी भरते आणि वेगळे चौदा दिवस लागत नाहीत. यासाठी सर्जरीच्या एसआरने (सीनियर रेसिडेंटने) दाताच्या ओपीडीत एक फोन करायचा, बस.

भूलतज्ज्ञांना मात्र आदल्या संध्याकाळी कळवून चालत नाही. वरच्या-खालच्या दातांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. ३५ मिमी किंवा त्याहून कमी म्हणजे तोंड आखडलेले. १५ मिमी असेल तर पेशंट जागा असताना नाकातून दुर्बिणीने नळी घालायची तयारी लागते, आणि ती दुर्बीण त्या दिवशी दुसऱ्या थिएटरमध्ये असू शकते.

आता ऑपरेशनचा दिवस. चीर देण्याआधी गाठीचा फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. हा फोटो रेडिएशनवाल्याला नंतर लाखमोलाचा ठरतो, कारण त्याच्यापुढे येतो तेव्हा तिथे छातीच्या किंवा मांडीच्या मांसाचा तुकडा, म्हणजे फ्लॅप, बसलेला असतो आणि मूळ गाठ कुठे होती याचा मागमूस नसतो. जिथे कड जवळची वाटली तिथे टायटॅनियमच्या दोन-तीन क्लिपा लावा आणि ऑपरेशनच्या नोंदीत त्या का लावल्या ते लिहा. नोंद न केलेली क्लिप प्लॅनिंगच्या सीटीवर दिसते खरी, पण ती रक्तवाहिनीची की कडेची हे कळायला मार्ग नसतो.

काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवताना त्याची दिशा ठरवून द्या. पुढच्या कडेला एक लांब टाका, वरच्या कडेला दोन, आणि हे फॉर्मवर चित्र काढून दाखवा. मानेतल्या गाठी लेव्हलनुसार, म्हणजे मानेच्या ठरलेल्या भागांनुसार, वेगवेगळ्या डब्यांत. सगळी मान एका डब्यात गेली तर गाठी मोजता येतात, पण कुठल्या पातळीची गाठ बाधित आहे हे कायमचे हरवते आणि रेडिएशनचा पट्टा विनाकारण रुंद होतो. टाटा मेमोरियलचा २०१५ चा अभ्यास आता सगळ्यांना पाठ आहे: सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेचे ऑपरेशन आधीच केले तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट जिवंत होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. पण आधी केलेल्या त्या ऑपरेशनचा पूर्ण उपयोग व्हायचा तर डब्यांवरची चिठ्ठी नीट हवी. चिठ्ठी डब्याच्या अंगावर लावा, झाकणावर नको. झाकणे अदलाबदल होतात.

फॉर्मॅलिन १० टक्क्यांचे बफर केलेले, आणि नमुन्याच्या दहापट. अर्धा जबडा छोट्या बरणीत कोंबला की बाहेरचा भाग टिकतो आणि आतला सडतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली आतले काही वाचता येत नाही. फॉर्मॅलिनमध्ये कडा आखडतातही, म्हणून थिएटरमध्ये १० मिमी सोडून कापलेली कड रिपोर्टमध्ये ५ मिमी भरली तर पॅथॉलॉजिस्टवर डोळे वटारू नका.

आणि हाड. बऱ्याच उशिराचे मूळ इथे आहे आणि त्यावर फारसे बोलले जात नाही. जबड्याचे हाड कापण्याआधी आम्लात ठेवून त्यातले कॅल्शियम काढावे लागते. याला आठवडा-दोन आठवडे लागतात, जाड हाडाला त्याहून जास्त. घाई करून तीव्र आम्ल वापरले तर पेशी बिघडतात. रिपोर्ट 'अजून यायचा आहे' असे पंचविसाव्या दिवशी कळते, तेव्हा खरे तर मऊ भागाच्या कडा आणि मानेच्या गाठी वाचून केव्हाच झालेल्या असतात, फक्त हाडासाठी सही अडलेली असते. उपाय सोपा आहे. पॅथॉलॉजीच्या एसआरला सातव्या-आठव्या दिवशी भेटून मऊ भागाचा आणि गाठींचा तात्पुरता रिपोर्ट लेखी मागा, 'हाडाचा भाग प्रलंबित' अशा शेऱ्यासह. गाठी बाधित असतील तर रेडिएशन लागणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरते. हाडाच्या निकालाने स्टेज बदलेल, पण मास्कची तारीख त्यासाठी अडवायचे कारण नाही.

रिपोर्टमध्ये पाच गोष्टी आकड्यांत हव्यात: गाठीची सर्वांत मोठी लांबी, खोली, सर्वांत जवळची कड किती मिमी आणि कुठल्या बाजूची, मानेतल्या किती गाठी तपासल्या आणि किती बाधित, आणि कॅन्सर मानेतल्या गाठीचे कवच फोडून बाहेर आला आहे का, आला असेल तर किती मिमी. खोली ही जाडी नव्हे. शेजारच्या निरोगी त्वचेच्या तळाच्या रेषेपासून खाली मोजतात ती खोली. वर उगवलेल्या कोंबासारख्या गाठीची जाडी १२ मिमी आणि खोली ४ मिमी असू शकते, आणि आठव्या आवृत्तीच्या स्टेजिंगमध्ये ५ आणि १० मिमी या दोन रेषांवर सगळे अवलंबून आहे. मानेच्या गाठी १८ पेक्षा कमी मिळाल्या असतील तर भांडायला नव्हे, पण शांतपणे विचारायला जा: 'मॅडम, डब्यात चरबी उरली आहे का, अजून एकदा बघता येईल का?' बऱ्याचदा आणखी दोन-चार सापडतात.

कड बाधित असेल किंवा मानेतल्या गाठीचे कवच फुटलेले असेल, तर रेडिएशनसोबत सिस्प्लाटिन हे केमोचे औषध द्यायचे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपच्या आणि अमेरिकेच्या दोन चाचण्यांमधून हा नियम आला. इतरांना नुसते रेडिएशन पुरते. तरुण डॉक्टरांचा वाद रंगतो तो सिस्प्लाटिन आठवड्याला की तीन आठवड्यांनी यावर, आणि दोन्ही बाजू अर्धेच वाचून बोलतात. टाटाच्या २०१८ च्या चाचणीत तीन आठवड्यांनी १०० मिग्रॅ विरुद्ध दर आठवड्याला ३० मिग्रॅ, प्रति चौरस मीटर, असा सामना होता. दोन वर्षांनी तोंड-मानेत आजार आटोक्यात राहिलेले ७३.१ टक्के विरुद्ध ५८.५ टक्के. पण जपानच्या २०२२ च्या चाचणीत आठवड्याचा डोस ४० होता, आणि तो १०० पेक्षा कमी ठरला नाही. म्हणजे 'वीकली' हा एक उपचार नाही. ३० चे सहा डोस म्हणजे १८०, ४० चे सहा म्हणजे २४०, आणि एकूण २०० पार करणे महत्त्वाचे. फाइलवर 'वीकली सिस' एवढेच लिहिले असेल तर डे-केअरची नर्स कुठला आकडा धरणार?

सिस्प्लाटिन झेपेल का हे बघताना क्रिएटिनिनचा आकडा एकटा फसवतो. साठ वर्षांचे, ४५ किलोचे काका, क्रिएटिनिन १.०, लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. सूत्रात घाला: १४० वजा ६० म्हणजे ८०, गुणिले ४५, भागिले ७२. उत्तर ५०, हा क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, आणि ती काठावर. त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या काकू असतील तर ०.८५ ने गुणून ४२.५, म्हणजे सिस्प्लाटिन नकोच. हा हिशेब ऑपरेशनआधीच्या रक्त तपासणीवर सर्जरीचा एसआर दोन मिनिटांत करू शकतो. त्यासोबत कानाची ऑडिओमेट्री त्याच मुक्कामात उरकली की पुढची एक फेरी वाचते. सिस्प्लाटिन न झेपणाऱ्यांसाठी दर आठवड्याला डोसिटॅक्सेल १५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर हा पर्याय २०२३ पासून पुराव्यासह उपलब्ध आहे. त्यात तोंड जास्त सोलवटते, म्हणून नाकातली नळी काढायची घाई सर्जनने करू नये. पण नळी ठेवायची हे सर्जनला सांगणार कोण, तर केमो देणारा, आणि तेही डिस्चार्जच्या आधी.

आपल्याकडे अनेक ठिकाणी केमोही रेडिएशन विभागच देतो, वेगळा मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट नसतो. तिथे फोन एक कमी लागतो, पण औषधाचा हिशेब तपासणारी दुसरी नजरही कमी होते. तो हिशेब मग विभागातल्या दुसऱ्या रेसिडेंटने स्वतंत्रपणे करावा.

वेळापत्रक साधारण असे बसते. सातव्या-आठव्या दिवशी तात्पुरता रिपोर्ट, दहाव्या-बाराव्या दिवशी टाके काढणे, त्याच आठवड्यात बोर्ड. एकविसाव्या ते चोविसाव्या दिवशी मास्क आणि प्लॅनिंगचा सीटी. त्याआधी चेहऱ्याची सूज उतरलेली नसते आणि मास्क आठवड्याभरात ढिला होतो. त्यानंतर ढकलले तर प्लॅनिंगला लागणारे पाच-सात कामाचे दिवस बसत नाहीत. पहिले रेडिएशन अठ्ठाविसाव्या ते पस्तिसाव्या दिवशी धरा. उरलेला आठवडा अडचणींसाठी, आणि अडचण येतेच: जखम उघडते, तोंडातून मानेत गळती होते, आयुष्मान कार्डाच्या पूर्वपरवानगीत कागद कमी पडतो. जखम उघडली की सर्जनने त्याच दिवशी रेडिएशनला फोटो पाठवावा. लहान, कोरड्या जखमेसाठी थांबायची गरज नसते, पण हे रेडिएशनवाल्यानेच ठरवायचे.

मास्कची तारीख ऑपरेशनच्या दिवशीच मागा. मानेतल्या गाठी बाधित निघाल्या नाहीत आणि रेडिएशन लागलेच नाही, तर ती तारीख दुसऱ्या पेशंटला आनंदाने जाते.

प्लॅनिंगच्या सीटीवर रेडिएशनवाला जागा आखत असताना सर्जनने अर्धा तास शेजारी बसावे. गाठीच्या जागेला उपचाराच्या ३० दिवसांत ६० ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजायचे एकक), कड बाधित किंवा कवच फुटलेल्या भागाला ३३ दिवसांत ६६ ग्रे, हे ठरलेले असते. पण तो भाग नक्की कुठला, फ्लॅपची कड कुठे संपते, मागच्या बाजूला कुठली पातळी काढली, हे स्क्रीनवर बोट ठेवून दाखवणारा एकच माणूस असतो. त्या अर्ध्या तासात दोघेही जे शिकतात ते कुठल्या कॉन्फरन्समध्ये मिळत नाही.

निरोपांसाठी सगळे व्हॉट्सॲप वापरतात, तर नीट वापरा. पेशंटचे नाव नको, चेहरा ओळखू येईल असा फोटो नको, फाइल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरतात. निरोप असा असावा: '४४७१. डावा गाल. पीटी३ एन२ए. एक गाठ, कवच फुटलेले २ मिमी. जवळची कड ६ मिमी, मागची. हाड प्रलंबित. आज दिवस ९. दात ऑपरेशनमध्ये काढले. क्लिअरन्स ६८. मास्क दिवस २२ पाहिजे. उत्तर कोण देणार?' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. तो नसेल तर बारा जण अंगठा दाखवतात आणि काम कुणीच धरत नाही. इंदूरच्या मराठी मुलांसाठी एक खास सूचना: आपण व्हरांड्यात मराठीत बोलून झटकन ठरवून टाकतो, आणि तिसऱ्या सहकाऱ्यापर्यंत ते पोहोचतच नाही. ठरलेले फाइलवर लिहा, तारीख-वेळ-सहीसह.

वरिष्ठांशी मतभेद झाला तर तोही आकड्यात मांडा. 'सर, मला वाटते रेडिएशन लागेल' यावर चर्चा होत नाही. 'सर, खोली ११ मिमी आहे, नसेभोवती पसरलेला आहे, कड ४ मिमी' यावर होते. निर्णय वेगळा झाला तर त्याचे कारण इतिवृत्तात एका ओळीत मागून घ्या.

रेडिएशन सुरू झाले की काम संपत नाही. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक-दीड टक्क्याने घटते, म्हणून एकूण लांबणी दोन दिवसांच्या वर जाऊ द्यायची नसते. मशीन बंद पडते, रंगपंचमीच्या गेरमुळे (मिरवणुकीमुळे) राजवाड्याच्या आसपासचे रस्ते बंद होतात, झाबुआ-अलीराजपूरच्या पेशंटला होळीआधीच्या आठवड्यात भगोरियाच्या जत्रेला गावी जायचे असते. नको म्हणून तो थांबत नाही, आणि त्याला रागावून उपयोगही नाही. पहिल्याच दिवशी पुढच्या सात आठवड्यांचे कॅलेंडर समोर ठेवून विचारा, कुठल्या दिवशी येणे जमणार नाही. मग त्याच आठवड्यात शनिवारी मशीन चालवता येते, किंवा एका दिवशी दोन वेळा देता येते, मधे किमान सहा तास ठेवून. दोन वेळा द्यायचे ठरले की सर्जरीच्या वॉर्डात दुपारपुरती एक खाट मिळेल का हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, म्हणजे नळी लावलेल्या पेशंटला ते सहा तास बाकावर काढावे लागत नाहीत. दर सोमवारी वजन घ्या. सुरुवातीच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरले तर त्याच दिवशी आहारतज्ज्ञांना बोलवा आणि मास्क गालाशी ढिला झाला आहे का ते टेक्निशियनसोबत हात लावून बघा. ढिला असेल तर नवा सीटी, नवा प्लॅन, आणि तोवर जुन्यावर चालू ठेवायचे की एक दिवस थांबायचे हे रेडिएशनचा हिशेब बघणाऱ्या फिजिसिस्टशी बोलून ठरवा.